राजूरचं जवस तेल

एसटीच्या वर्कशॉपातून रामकिसन रिटायर झाला, त्या दिवशी सोबतच्या लोकांनी त्याला हार घातला, शाल दिली आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ बेबीनंदानं बैठकीत लावून टाकलं. रामकिसनला कुठं लावावं, हे मात्र तिला कळेना.

तो सकाळी सहाला उठायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसायचा. दुपारी जेवायला आत यायचा, हात धुतले की पुन्हा खुर्चीत. जालन्यातल्या मस्तगडच्या त्या गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून मान हलवायची, एवढंच काम उरलं होतं. चौतीस वर्षं गाड्यांच्या बॉडीत फळ्या ठोकलेला हा माणूस. वर्कशॉपात मशीन चालू असलं तरी त्याचा आवाज शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जायचा, असं त्याचे सोबती सांगायचे. तोच आता "चहा घेता का?" विचारलं तर "ठेव" आणि "जेवता का?" विचारलं तर "वाढ" एवढ्यावर आला होता.

बेबीनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. दोनशे पोरांना एका नजरेत गप्प करणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. पण एका माणसाला बोलतं कसं करायचं, हे तिला कुठल्याच ट्रेनिंगात शिकवलं नव्हतं. तिला भीती वाटायला लागली होती. घरातला एक माणूस रोज थोडा थोडा कमी होतोय आणि आपण शेजारी बसून भाकरी थापतोय, असं तिला वाटायचं. हे ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि रडणं तिला परवडत नव्हतं, कारण सकाळी सातला शाळा.

अशात मार्चमध्ये सुमेधाचं जमलं. सुमेधा त्यांची एकुलती एक, अंबड तालुक्यात तलाठी. स्थळ शहागडचं. मुलगा सुमित वीज कंपनीत इंजिनियर, वडील नाहीत. आई द्वारकाबाई हायवेवर खानावळ चालवतात, आणि पहिल्या भेटीतच बेबीनंदाच्या ध्यानात आलं, की ट्रकवाले ह्या बाईपुढं ताटात काही टाकत नसणार. साखरपुड्याची तारीख मे महिन्यातल्या एका रविवारची निघाली. हॉल बघायला गेले तर सगळे बुक.

"घरीच करू की," सुमेधा म्हणाली. "माडीत पस्तीस माणसं आरामात बसतेत."

माडी म्हणजे घराचा एकमेव जुना भाग. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हे घर एका कापूसवाल्या व्यापाऱ्याच्या वारसांकडून घेतलं. पुढचं सगळं पाडून स्लॅब टाकला, आणि मागच्या माडीपर्यंत येईतो दोघांचाही दम संपला. वर पत्रे, खाली फळ्या आणि फळ्यांवर आधीच्या मालकांनी चिकटवलेलं हिरवं प्लॅस्टिकचं कार्पेट. तिथं गाद्या, कुलर आणि शाळेच्या जुन्या वह्या पडून असायच्या.

एका रविवारी बेबीनंदानं रामकिसनला सामान खाली काढायला वर पाठवलं. अर्ध्या तासानं वरून आरोळी आली.

"बाई! ए बाई! जल्दी वर ये!"

सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून तोही चेष्टेनं बाईच म्हणायचा. पण चार महिन्यांत त्यानं तिला अशी हाक मारली नव्हती. पडला की काय, म्हणून ती कणकेच्या हातानं जिना चढली. रामकिसन गुडघ्यावर बसला होता. कार्पेटचा एक कोपरा त्यानं उचकटला होता आणि भाजीच्या चाकूनं काळी फळी खरवडत होता. चाकूखालून मधाच्या रंगाचं लाकूड बाहेर आलं होतं.

"सागवान हाय," तो म्हणाला. "सीपी सागवान, जुन्या मध्य प्रांतातलं! अशी फळी आता डोळ्यानं दिसत न्हाई. आन् हे येडे लोक त्याच्यावर प्लॅस्टिक चिटकवून बसलेत."

"माझा चाकू हाय तो," बेबीनंदा म्हणाली. पण चाकूचं तिला काही वाटलं नव्हतं. नवऱ्यानं एका दमात तीन-चार वाक्यं बोललेली तिला ऐकायची होती, आणि ती तिनं ऐकली होती.

दुसऱ्या दिवसापासून दारातली खुर्ची रिकामी राहायला लागली. रामकिसननं कार्पेट सोलून काढलं. वर आलेले खिळे एकेक करून खाली ठोकले. फटीत भुसा आणि गोंद कालवून भरला. मग ओळखीच्या सुताराकडून घासायचं मशीन आणलं, आणि पंधरा दिवस घरात भुशाचं राज्य आलं. पाण्याच्या माठावर भुसा, चहाच्या कपात भुसा, बेबीनंदाच्या हजेरीच्या रजिस्टरमध्येसुद्धा भुसा. आधी जाडा पॉलिश पेपर, मग मधला, मग बारीक. शाळेतून आली की ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघायची, आणि तो न विचारता सांगायचा.

"फळीची रेघ जिकडं जाती, तिकडंच घासायचं. आडवं घासलं की ओरखडा पडतो. आत्ता दिसत न्हाई, पण तेल लावलं की दिसतो, आन् मंग जन्मभर दिसतो."

"एवढं तर तुम्ही लग्नात बी बोलले न्हवते," ती म्हणायची.

"लग्नात तू कुठं बोलू दिलं?"

दोघंही हसायची. खाली ओट्यावर भाजी लागायची आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

राहता राहिलं तेल. घासलेल्या सागवानाला जवसाचं तेल पाजायचं, म्हणजे रंग खुलतो, असं रामकिसन एकदा जेवताना म्हणाला. एवढंच बेबीनंदाला पुरलं. तिचं माहेर राजूरजवळचं. भाऊ पुंजाराम अजूनही दोन सरीत जवस पेरतो. दुकानातल्या डब्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सगळ्यात भेसळ असते, हे ती पोरांना परिसर अभ्यासात शिकवत आली होती. रामकिसनला काही न सांगता ती शनिवारी राजूरला गेली, भावाच्या घरचं जवस घाण्यावर नेऊन समोर बसून तेल काढून घेतलं, आणि पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन एसटीनं जालन्याला आली. वाटेत झाकण पाझरलं. नवी मोरपंखी साडी तेलानं माखली. पण ती घरात आली ती मॅच जिंकल्यासारखी.

"घ्या. अस्सल. डोळ्यासमोर काढलंय."

रामकिसननं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवलं, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघितलं. मग त्यानं तिच्या साडीकडं बघितलं.

"भारी हाय," तो म्हणाला. "एकदम भारी."

तेल लावायच्या दिवशी बेबीनंदा पायरीवर बसून राहिली नाही, आत आली. रामकिसन सुती फडकं बुडवून, पिळून, हलक्या हातानं फिरवत होता.

"हात कशाला आखडून राह्यले? शंभर वर्षांचं तहानलेलं लाकूड हाय, पिऊ द्या की त्याला. पाच लिटर काय चटणीला आणलं का मी?"

"जास्तीचं पुसून घ्यावं लागतं, बाई."

"पुसायला न्हाई आणलं इतक्या लांबून."

रामकिसननं फडकं पिळायचं सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत सगळा कॅन फळ्यांवर रिकामा झाला. आणि खोटं कशाला बोलायचं, माडी दिसली मात्र अशी, की सुमेधानं दारातूनच दोन्ही गालांवर हात ठेवले. फळीतली रेघन् रेघ जागी झाली होती. गूळ कढईत उकळायला लागला की जो रंग येतो, तो रंग होता. बेबीनंदाला तर त्या फळ्यांपेक्षा फळ्यांच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचाच जास्त अभिमान वाटला. तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. साखरपुड्याला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, हे आमच्या ह्यांनी केलंय.

तेल काही वाळेना.

दोन दिवसांनी बोट लावलं, बोट चिकटलं. पाच दिवसांनी लावलं, चिकटलं. मांजर एकदा माडीतून गेलं आणि पलीकडच्या भिंतीवर बसून अर्धा दिवस पंजे चाटत राहिलं. मेच्या उन्हात सगळ्या गल्लीत जवसाचा वास सुटला. समोरच्या सगुणाबाई रोज विचारायच्या, "बाई, आज बी चटणी करून राह्यले का?" बेबीनंदा आधी हसून न्यायची. मग हसायची बंद झाली. दहाव्या दिवशी, म्हणजे साखरपुड्याच्या आधीच्या बुधवारी, ती वर गेली आणि तिची चप्पल फळीनं अशी धरली, की पाय पुढं गेला आणि चप्पल मागं राहिली.

मग तिचा तोल सुटला.

"चौतीस वर्षं वर्कशॉपात काय केलं हो तुम्ही? एक तेल वाळवता येईना? रविवारी ती खानावळवाली बाई येईल, काय दाखवू तिला? तुम्ही बोलले असते ना, की मला जमत न्हाई, तर मी माणूस लावला असता!"

"वाळंन," रामकिसन म्हणाला.

"कधी? पोरीला पोरं झाल्यावर?"

त्यानं फडकं कठड्यावर नीट घडी करून ठेवलं, जिना उतरला, आणि दारातल्या खुर्चीत जाऊन बसला.

बेबीनंदानं जिन्यावरून त्याचं डोकं बघितलं, मागून. तेच बसणं. तोच इस्त्रीचा शर्ट. मेलं ते तेल आणि मेला तो साखरपुडा, हे आपण काय केलं, असं तिला झालं. पण खाली जाऊन दोन शब्द बोलावेत, तर ते तिच्या जिभेला येईनात. रागवायचे शब्द तिच्याकडं पोत्यानं होते, हे मात्र नव्हते. शेवटी तिनं पिशवी उचलली आणि तातेरावच्या दुकानाची वाट धरली. तातेरावचं हार्डवेअरचं दुकान चौकात, आणि तातेराव रामकिसनचा जुना दोस्त.

"चिकट झालंय होय?" तातेराव हसला. "होणारच. कच्चं तेल हाय ना ते. खायचं. ते वाळायला महिना बी घेतं, आन् जाड लावलं तर वाळतच न्हाई. लाकडाला उकळून तयार केलेलं लागतं. आमचे पेंटर लोक बेलतेल म्हणतेत ते."

"मंग ह्यांना एवढं बी माहीत न्हाई?"

तातेरावनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "रामभाऊला? अहो बाई, तो तर बेलतेलाचा डबा घेऊन गेल्ता माझ्याकडून. तुम्ही राजूरला गेल्त्या ना, त्याच शनिवारी सकाळी. सोमवारी वापस आणून ठेवला. हा काय, झाकण बी उघडलेलं न्हाई." त्यानं मागच्या फळीवरचा डबा दाखवला. "मी म्हणलो, का रे? तर म्हणला, बाईनं राजूरहून आणलंय, आता तेच लावायचं. मी म्हणलो, येड्या, चिकट होईन, पोरीचा साखरपुडा तोंडावर हाय. म्हणला, होऊ दे, न्हाईतर बाईला वाईट वाटंन. बघून घेऊ."

बेबीनंदा काउंटरला धरून उभी राहिली. तिला एकदम त्या दिवशीचा त्याचा अंगठा आठवला, बोटावर घासलेला. त्याला तेव्हाच कळलं होतं. पहिल्या थेंबालाच कळलं होतं. आणि आज तिनं गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून त्याला विचारलं होतं, चौतीस वर्षं काय केलं. तेव्हासुद्धा तो बोलला नव्हता, की हे तुझंच तेल आहे.

"काय देऊ?" तातेरावनं विचारलं.

"ते चिकट काढायला काय लागतं, ते द्या," ती म्हणाली.

टर्पेंटाइनच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन ती घरी आली. खुर्चीपाशी थांबली.

"चला," एवढंच ती म्हणाली. "तिघं मिळून पुसू. मी रजा टाकते."

रामकिसननं मान वर करून तिच्याकडं बघितलं. ओरडण्याचा दुसरा भाग असेल, अशी त्याची तयारी होती. तो आला नाही, म्हणून तो जरा घाबरलाच.

गुरुवार आणि शुक्रवार तिघांनी गुडघ्यावर बसून माडी पुसली. टर्पेंटाइननं डोळे चुरचुरायचे. सुमेधानं सातबाऱ्याला शोभेल अशा शिस्तीनं माडीचे पट्टे आखून वाटून घेतले. शनिवारी दुपारी बेबीनंदा अनवाणी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आली. पाय चिकटला नाही.

"तरी उद्या सतरंजी टाकू," रामकिसन म्हणाला. "फटीत तेल हाय अजून. पत्र्याखाली गरम झालं, वरून वजन पडलं, की ते वर येतं."

खरं तर तिनं ऐकायला पाहिजे होतं. बुधवारपासून ती मनात शंभर वेळा म्हणत होती, की आता ह्या माणसाचं ऐकायचं. पण त्याच मनात दुसरंही चाललं होतं. ह्या माणसाचं काम लोकांनी बघितलं पाहिजे. पहिल्या पायरीपासून शेवटच्या फळीपर्यंत बघितलं पाहिजे. आणि सतरंजीखाली काय दिसणार?

"सतरंजी बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "तुमचं काम झाकायला न्हाई केलं तुम्ही."

रामकिसननं हातातलं फडकं कठड्यावर टाकलं.

"बरं," तो म्हणाला.

रविवारी अकराला शहागडची मंडळी आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यात, सुमित कडक पांढऱ्या कुर्त्यात. आपल्या बौद्धांकडं मंगल कार्याला पांढरं घालतात, हे बेबीनंदाला जन्मापासून माहीत होतं. पण तेलाच्या फळ्या आणि पांढरे कपडे ह्या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच माडीत येणार आहेत, हे तिच्या किंवा घरातल्या कुणाच्याच डोक्यात शेजारी शेजारी आलं नव्हतं. द्वारकाबाई सगळ्यात पुढं. त्यांच्या साडीची घडी सुरीनं कापल्यासारखी होती. त्यांनी दारातच चप्पल काढली, माडीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "वा. हे कुणी केलं?"

"आमच्या ह्यांनी," बेबीनंदा म्हणाली. ते म्हणताना तिला गहिवरून आलं.

पुढं टेबलावर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, फुलं. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. मंडळी गुडघ्यावर बसली, हात टेकले, कपाळ टेकलं. मग मांडी घालून पाऊण तास बसली. आधी वंदना, मग दोन्हीकडच्यांची ओळख, मग दोघांची मनोगतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं, वर पत्रा, खाली पस्तीस माणसांचं वजन. कुलर कोपऱ्यात नुसता ओरडत होता. अंगठ्या घातल्या, टाळ्या झाल्या, आणि बौद्धाचार्य म्हणाले, "आता सर्वांनी उभं राहावं."

उठताना आवाज झाला. मोठा नाही, पण पस्तीस ठिकाणी एकदम झाला, चिकटपट्टी सोलल्यासारखा.

सुमित वळला. त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर मागं तीन तपकिरी पट्टे उठले होते, फळीच्या फटी जशा होत्या तशा, सरळ. त्याच्या मामाच्या मागं चार. बौद्धाचार्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर आणि कपाळावर मधोमध. कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण द्वारकाबाई मान मागं वळवून स्वतःच्या साडीकडं बघत होत्या. पाच पट्टे. माडीत फक्त कुलरचा आवाज राहिला.

"हे काय पॉलिश केलंय की काय केलंय?" सुमितचा मामा म्हणाला. "कोण कारागीर म्हणायचा हा?"

रामकिसन पुढं झाला. त्यानं हात जोडले. "मीच. माझी चूक झाली, मंडळी. तेल बराबर—"

"चूक यांची न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

ती मोठ्यानंच बोलली, शाळेच्या मैदानावर बोलतात तशी. दुसरा आवाज तिला येतच नव्हता. "एक बी चूक यांची न्हाई. तेल मी आणलं. राजूरहून, घाण्यावरचं, खायचं. लाकडाला ते चालत न्हाई, हे यांना पहिल्या दिवशी माहीत होतं. बराबर तेलाचा डबा यांनी आणून ठेवल्ता. तो वापस केला आन् माझं लावलं, का, तर मला वाईट वाटंल म्हणून. जाड लावा म्हणून मीच सांगितलं. आज सतरंजी टाका म्हणून यांनी सांगितलं, त्याला बी मीच न्हाई म्हणले. आन् बुधवारी मी यांना सगळ्या गल्लीसमोर बोलले, चौतीस वर्षं काय केलं म्हणून. तरी हा माणूस एक शब्द बोलला न्हाई. तुमच्या साड्या माझ्यामुळं गेल्या. बोलायचं ते मला बोला."

एवढं बोलून तिचा दम संपला. तिनं सुमेधाकडं बघितलं. सुमेधाचे डोळे भरले होते. रामकिसनकडं बघायची मात्र तिची छाती झाली नाही.

द्वारकाबाईंनी पदर कमरेला खोचला. पुन्हा एकदा मागं वळून पट्टे बघितले. आणि मग फतकल मारून होत्या तिथंच खाली बसल्या.

"साडी तर गेलीच," त्या म्हणाल्या. "आता निवांत बसते. खानावळीत जिंदगी गेली माझी, तेलाचा डाग काय मला नवा न्हाई." त्यांनी रामकिसनकडं बघितलं. "भाजीत मीठ जास्त झालं, तर आमचे मालक ताट सरकवून उठून जायचे. चांगला माणूस होता, पण ताट सरकवायचा. बायकोला वाईट वाटू नये म्हणून चिकट जमिनीवर राहणारा माणूस मी अजून बघितला न्हवता." मग त्या सुमितकडं वळल्या. "ए, उभा काय राह्यला? बस सासऱ्याजवळ. काही शिकायला भेटंन."

मग हसू फुटलं. आधी मामाला फुटलं, मग सगळ्यांना. कपाळावर पट्टा असलेले बौद्धाचार्य हसताना तर बघवत नव्हते. माणसं पुन्हा खाली बसली, काही मुद्दाम दुसऱ्या दिशेनं, म्हणजे पट्ट्यांची चौकट तरी होईल. जेवणं तिथंच झाली. आणि वाढताना बेबीनंदानं बघितलं, तर रामकिसन मंडळींच्या मधोमध उकिडवा बसला होता आणि फळीवर बोट ठेवून सांगत होता. ही फळी झाडाच्या गाभ्यातली, हिची रेघ बघा किती बारीक. ही वरच्या अंगाची. इथं गाठ होती, ती काढली न्हाई, ठेवली. मामा प्रश्न विचारत होता. सुमित मान डोलवत होता. रामकिसनचा आवाज जिन्यातून खाली स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

पाचला मंडळी गेली. सुमेधा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. ऊन अजून खिडकीत होतं. बेबीनंदा दोन कप चहा घेऊन वर आली आणि त्याच्या शेजारी फळ्यांवर बसली. तिची साडी तरी काय राहिली होती.

"तुला तातेरावनं सांगितलं," रामकिसन म्हणाला.

"हं."

"पोटात काही ठेवत न्हाई तो."

"तुम्ही का न्हाई सांगितलं? लावायच्या आधी सांगायचं. मला वाईट वाटलं असतं, दोन दिवसांनी गेलं असतं. एवढं काय मी नाजूक हाय का?"

रामकिसननं चहाचा घोट घेतला. तो कपाकडं बघत बोलला.

"वाईट वाटंन म्हणून न्हाई, बाई. ते मी तातेरावला तसं सांगितलं. खरं सांगायचं तर... वर्कशॉपात सकाळी गेलं की माल येऊन पडलेला असायचा. फळ्या, खिळे, तेल. कुणीतरी आणून टाकायचं, कारण रामकिसन येणार हाय आन् त्याला लागणार हाय. रिटायर झालो, आन् मला लागंन असं कुणाला काही वाटंना. तू त्या दिवशी आली. साडी तेलानं भरल्ती, कॅन धरून हात लाल झाल्ते. राजूरहून. माझ्या कामासाठी. ते तेल वापस कर म्हणायला माझी जीभ उचलली न्हाई. माडी चिकट झाली असती तर झाली असती."

बेबीनंदानं त्याच्या हातातला कप काढून घेतला, खाली ठेवला, आणि त्याचा हात आपल्या हातात धरून बसली. भुशानं आणि टर्पेंटाइननं त्या हाताची सालं निघाली होती. तिला रडू आलं आणि ह्या वेळी तिनं ते येऊ दिलं. शाळेला कालपासून सुट्ट्या लागल्या होत्या.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं.

"हे सगळं पुन्हा घासावं लागंन ना?"

"सगळं. पहिल्यापासून. जाडा पेपर, मधला, बारीक."

"किती दिवस?"

"वीस-पंचवीस. लग्नाच्या आधी होतं."

"मंग उद्या सकाळी पेपर मी आणते," बेबीनंदा म्हणाली. "कुठला कुठला पाहिजे ते लिहून द्या. नंबर, नग, सगळं बराबर लिहा. माझ्या मनानं मी काहीच आणणार न्हाई."

रामकिसननं खिशातली पेन्सिल काढली. कागद दिसेना, म्हणून तो यादी फळीवरच लिहायला लागला. तशीही ती घासायचीच होती.